दोन मीटरांचं घर

चतुर्थीला पाच दिवस उरले होते आणि मिठबावच्या मुणगेकरांची लाइट बोर्डाने तोडून ठेवली होती. घर एकच, पण मीटर दोन. थोरला सत्यवान डाव्या अंगाला, धाकटा बाळा उजव्या अंगाला आणि मधे गणपतीची खोली. वाटणीत चूल वेगळी झाली, गोठा वेगळा झाला, माडसुद्धा एक तुझा एक माझा करून वाटले गेले. गणपती तेवढा एकत्र राहिला. गणपती कोण वाटून घेतो? दोघा भावांत नऊ वर्षं अबोला होता, तरी चतुर्थीला मधल्या खोलीची दोन्हीकडची दारं उघडायची आणि एकाच मूर्तीपुढे दोघे तोंडं फिरवून का होईना, आरती म्हणायचे.

लाइट तोडली कारण बाळाच्या बायकोला, जानकीला, जबर शॉक बसला. हात भाजला, पडली, दातखीळ बसली. वाचली हेच नशीब. आता हा शॉक आला कुठून, ते शोधून सही करायची होती विनीत नाईकधुरेने. तो विद्युत निरीक्षक. त्याची सही झाली की लाइट, नाही झाली तर गणपती काळोखात. बरं, न शोधताच सही ठोकावी आणि चतुर्थीच्या गर्दीत कोणी चिकटून मेलं, तर ते पाप कोणाच्या माथी? विनीतच्याच.

विनीत तळेऱ्याकडचा. अकरा वर्षं नोकरी झाली होती. वायरींनी त्याला कधी छळलं नव्हतं. छळलं ते घरवाल्यांनी. एकाने मेन स्विचवर देवाची तसबीर लावली होती आणि ती काढू देईना. एकीने सोलकढीचे तीन पेले पाजले आणि ज्या खोलीत बिघाड होता तिची किल्ली मुंबईच्या दिराकडे आहे म्हणून सांगितलं. त्यामुळे मुणगेकरांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मोटारसायकल लावली तेव्हाच त्याने मनाशी म्हटलं, चला, बघूया आता इथे काय वाढून ठेवलंय.

"कशाला हात लागला होता?" त्याने विचारलं.

"तारेक," जानकी म्हणाली. उजवा हात पदरात गुंडाळलेला. चाळिशीची बाई, पण चार पायऱ्या चढली तरी छातीतून शिटी वाजायची. दमेकरी होती. "कपडे सुकत घालूच्या तारेक."

विनीत मागच्या दारी गेला. दोन माडांच्या मधे निळी नायलॉनची दोरी बांधलेली.

"ही तर दोरी आहे."

"तार काढून टाकलव."

"कुठाय ती?"

"भंगारवालो घेवन गेलो."

"एवढ्या पावसात भंगारवाला आला होता?"

"इलो होतो," जानकी म्हणाली आणि आत गेली.

पुढे खळ्यात दोघे भाऊ उभे होते. मधे सहा फुटांचं अंतर, आणि दोघांची तोंडं विनीतकडे.

"साहेब, तेका सांगा," सत्यवान म्हणाला, "तेच्या भागातली वायर कुजली हा. आधी ती बदल म्हणा."

"साहेब, तेंका सांगा," बाळा म्हणाला, "कुजली नाय, जळली. दोन वर्सांमागे वीज पडली तेवा जळली. आणि जोड खंय आसा, ता इचारा तेंका."

"जोड माझ्या माळ्यार आसा. मी नको म्हटलंय? इचारूक नको?"

"इचारूक मी काय भिकारी?"

विनीतची मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. शेवटी तिला कळ लागली. एवढं मात्र समजलं की बाळाच्या स्वयंपाकघराची आणि मागच्या खोलीची लाइन सत्यवानच्या माळ्यावरून येते, ती जळली आहे, आणि विचारायचं कोणी यावरून दोन वर्षं तशीच पडली आहे. बाळाकडे उजेड फक्त पुढच्या लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, एका दिव्याचा.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने मेलेली लाइन तपासली. मेलेलीच होती. पण त्या मेलेल्या सॉकेटमध्ये डासांचं मशीन खोचलेलं होतं आणि त्याची बाटली अर्धी संपलेली. शेजारी मिक्सर. भांड्याच्या पात्याला खोबऱ्याची चटणी वाळून बसलेली.

"हे कसं चालतं?"

"चलणा नाय. असाच लावन ठेवलाय."

"बाटली अर्धी झाली."

"उडान गेली असतली."

फळीवर दम्याचं, औषधाची वाफ देणारं मशीन होतं. ते कुठे लावता विचारलं तर म्हणे लोट्यावर. तिथे तर नुसता दिवा. विनीतने दोन्ही घरांच्या वायरी मेगर लावून तपासल्या. मेगर म्हणजे वायर कुठे गळते ते सांगणारं यंत्र. दोन्हीकडे काटा ठणठणीत. कुठे गळती नाही, कुठे उघडी वायर नाही. मग बाईला शॉक बसला कशाचा? हवेचा? सही न करता तो परत निघाला. दाभोळ्याच्या चढावर पावसाने झोडपला, पण त्याचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला त्याने लाइनमन अजयला बरोबर घेतलं. चतुर्थी चार दिवसांवर आली होती. अजय खांबावर चढला. विनीतने ठरवलं, आधी फक्त थोरल्याचा फ्यूज घालून बघू. बाळाचा फ्यूज त्याने स्वतःच्या हाताने काढून खिशात ठेवला.

तासभर सत्यवानकडे सगळं बघितलं. पंखा, पंप, दिवे, काही दोष नाही. मग नुसत्या सवयीने तो बाळाच्या स्वयंपाकघरात गेला आणि त्या मेलेल्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला.

टेस्टर पेटला.

विनीतने हात मागे घेतला. परत घातला. पेटलाच. मागच्या खोलीतून कसलीतरी घुर्रघुर्र येत होती. त्याने खिसा चाचपला, फ्यूज जागेवर. तसाच तो चिखलातून खळ्यात धावला.

"अजय! बाळाची लाइन चालू केलीस?"

"मी कशी करतलंय?" अजय खांबावरून म्हणाला. "फ्यूज तुमच्या खिशात आसा मां!"

विनीत परत धावला. टेस्टर घातला. काळोख. घुर्रघुर्रही बंद. मागच्या खोलीत जानकी खाटेवर बसली होती, कपाळावर घाम आणि तोंडावर साळसूद भाव. शिटी मात्र थांबली होती.

"आत्ता इथे करंट होता."

"खंय? हयसर दोन वर्सां करंट नाय."

"माझा टेस्टर पेटला, बाई!"

"पेटलो असतलो," ती म्हणाली.

टेस्टर बिघडला म्हणावा तर सत्यवानकडे नीट पेटत होता. दारात बाळा उभा होता. "साहेब," तो म्हणाला, "झोप बीप लागता मां तुमका?" पलीकडून सत्यवान ओरडला, "तेका सांगा, सायबांची टर उडवू नको." अजय खांबावर खोखो हसत होता.

विनीत पंपाच्या कट्ट्यावर बसला. कागदावर घर काढलं, दोन मीटर काढले, मधली खोली काढली. दोन्ही बाजूंनी रेघा ओढल्या, पुसल्या, परत ओढल्या. कागद ओला होऊन फाटला. आपल्याला काही येत नाही की काय, असं त्याला खरंच वाटायला लागलं. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन. "चार ओळींचा रिपोर्ट, नाईकधुरे. एवढा वेळ? गावचा सरपंच मला फोन करतोय." विनीत म्हणाला, साहेब, जरा गुंता आहे. कसला गुंता, ते सांगता येईना. फ्यूज काढलेल्या घरात करंट येतो आणि मी बघायला गेलो की जातो, असं वरिष्ठांना कोण सांगेल?

तासाभराने अजयने थोरल्याची लाइनही परत तोडली. बाळाचा फ्यूज मात्र विनीतच्या खिशातून थेट त्याच्या घरी पोचला. रात्री बायकोने पँट धुवायला काढताना तो बाहेर काढला आणि विचारलं, हे काय नवीन?

तिसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. काहीच शोधून काढायचं उरलं नव्हतं, म्हणून बाळाच्या लोट्यावर नुसता बसला. पाऊस उभा कोसळत होता. बाळा मासे आणायला गेलेला. जानकीने चहा आणला. डाव्या हातात कपबशी होती, ती कलंडली, आणि सावरायला तिने झटकन उजवा हात पुढे केला. पट्टी सुटलेली होती.

तळव्यावर दोन काळे ठिपके. शेजारी शेजारी, बोटभर अंतरावर, जणू कोणी मोजून डाग दिलेत.

विनीत त्या हाताकडे बघतच राहिला. तारेला हात लागला तर लांब चट्टा उठतो. ठिपके उठत नाहीत, आणि दोन तर नाहीतच. त्याने पिशवीतून एक पिन काढली, साध्या वायरीच्या टोकाला असते तशी, आणि तिच्या तळव्यापुढे धरली. दोन पितळी दांडे, दोन ठिपके. बरोब्बर बसले.

जानकीने हात पदरात ओढून घेतला.

"दोन्ही टोकांना पिना असलेली वायर आहे तुमच्याकडे," विनीत म्हणाला. "कुठाय?"

बोलली ती दुसरीच. लोट्यामागचं मधल्या खोलीचं दार, जे चतुर्थीशिवाय उघडत नाही असं दोन्ही भावांनी शपथेवर सांगितलं होतं, ते करकरलं आणि सत्यवानची बायको मथुरा बाहेर आली. अंगाने जाडजूड, केस पिकलेले, हातात तांबड्या वायरीचं वेटोळं.

"माझ्याकडे आसा," ती म्हणाली. "तिका कित्याक दरडावतास? मी केलंय ही वायर. झीलाच्या जुन्या रेडिओच्या पिना काढून केलंय."

मग सगळं बाहेर पडलं. दोन वर्षं दुपारी पुरुष कामाला गेले की मथुरा आपल्या सॉकेटमध्ये एक टोक खोचायची, वायर दाराखालून मधल्या खोलीत सरकवायची. जानकी ती पलीकडच्या दाराखालून ओढून घ्यायची आणि दुसरं टोक आपल्या मागच्या खोलीतल्या मेलेल्या सॉकेटमध्ये खोचायची. झालं, मेलेली लाइन जिवंत. मिक्सर फिरायचा, वाफेचं मशीन चालायचं. आणि ते चालू असेपर्यंत दोघी जावा मधल्या खोलीत मखराच्या चौरंगाला टेकून बसायच्या, तांदूळ निवडायच्या, नाहीतर नुसत्या बोलत राहायच्या.

"आमचो नेम होतो," मथुरा म्हणाली. "लावताना आधी तिची पिन, मगे माझी. काढताना आधी माझी, मगे तिची. दोन वर्सां कधी चुकाक नाय."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी हे अवचित इले," जानकी म्हणाली. "खळ्यात गाडयेचो आवाज इलो. माका वाटला, आता बघतले. घाईत माझीच पिन आधी उपटलंय."

उपटली, आणि जिवंत दांडे तळव्यात. काल टेस्टर का पेटला आणि का विझला, तेही विनीतला आता कळलं. तासभर लाइन चालू आहे एवढं बघून या बायांनी तेवढ्यात तिला वाफ देऊन घेतली होती.

"परत तेच केलंत? एवढं होऊन?"

"मगे काय करू?" मथुराचा आवाज चढला. "दम लागलो काय ती निळी पडता. माझ्या डोळ्यांदेखत मरूक दिव? पुरुषांका अबोलो परवडता, साहेब. आमका परवडणा नाय."

"घोवांक सांगू नकात," जानकी म्हणाली. तिने चक्क हात जोडले. "ह्यांका कळला तर मशीन फेकून दितले."

विनीतला तिची दया आली आणि रागही आला. तो म्हणाला, ठीक आहे, नावं घेणार नाही. पण ही वायर मी नेणार, आणि माळ्यावरचा जोड नीट झाल्याशिवाय सही नाही.

संध्याकाळच्या आत दोघे भाऊ आले. पाऊस उघडला होता. विनीतने खळ्याच्या मधोमध उभं राहून शांतपणे सांगितलं: माळ्यावरची जळलेली वायर बदलायची, अर्ध्या दिवसाचं काम, वायरमन मी पाठवतो, फक्त एकमेकांना हो म्हणा.

"माझी ना नाय," सत्यवान म्हणाला. "तेका सांगा, एकदा तोंडान इचार म्हणा."

"तेंका सांगा, मी इचारूचंय नाय."

"बघलास, साहेब?"

"बघलास, साहेब?"

तीन दिवस साचलेलं सगळं विनीतच्या डोक्यात चढलं. कचेरीतली मराठी गळून पडली आणि तळेऱ्याची भाषा तोंडात आली. त्याने पिशवीत हात घातला, तांबडी वायर काढली आणि दोघांच्या मधे चिखलात फेकली.

"ह्या काय आसा, बघा! तुमच्यो बायलो दोन वर्सां दाराखालसून उजेड देतत घेतत. तुमच्या भयान लपयतत. तुमच्या भयान ती मराची होती! आणि तुमी हयसर उभे रवान 'तेका सांगा, तेंका सांगा'? लाज नाय वाटणा?"

पायरीवर मथुरा आणि जानकी दोघी उभ्या होत्या. जानकीने तोंडावर पदर धरला.

सत्यवानने वायरीकडे बघितलं. मग सावकाश म्हणाला, "माका म्हायत होता."

"काय?" मथुरा म्हणाली.

"मीटर माझो. दुपारी घराक येतंय तेवा फिरताना दिसता. दोन वर्सां म्हायत होता."

विनीत बाळाकडे वळला. बाळा जमिनीकडे बघत होता.

"माझ्या सैपाकघरात मिक्सर फिरता, ता माका कळणा नाय? मी काय बहिरो?"

मग जानकीचा आवाज आला, बारीक.

"तुमका म्हायत होता? मगे त्या दिवशी मी धावलंय कित्याक?"

बाळाने एकदा तिच्या हाताकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. विनीतला मात्र हसू आलं. हुश्श करून त्याने कपाळ पुसलं. सगळ्यांना सगळं माहीत, आणि वेड्यासारखा फिरला तो एकटाच! मग आता भांडण उरलं कुठे? तो म्हणाला, "झालं तर मग! घ्या मिटवून. उद्या वायरमन येईल."

सत्यवानचाही चेहरा सैल झाला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो भावाच्या दिशेने एक पाऊल पुढे सरकला. त्याला चांगलंच बोलायचं होतं, यात विनीतला पुढेही कधी शंका वाटली नाही.

"सांगा तेका, साहेब," तो म्हणाला. "दोन वर्सां माझ्याच उजेडार जेवता, मी कधी एका शब्दान बोललंय? पुढेय बोलूचंय नाय. खुशाल घे म्हणा."

बाळाचं तोंड लाल झालं, मग काळं पडलं.

"सांगा तेंका," तो म्हणाला, "माका कोणाचो उजेड नको." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

विनीत खळ्यात उभा राहिला. एवढ्यात तर सगळं जुळत होतं, मग बिघडलं कुठे? मथुराने पुढे होऊन चिखलातली वायर उचलली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"तुमी बोललास म्हणान," ती म्हणाली. "कोण बोलणा नाय होता, तवसर चलत होता."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी तो सही करायला गेला. बाळाने देवगडचा वायरमन आणून आपल्या मीटरवरून नवी लाइन ओढली होती, घराला बाहेरून पूर्ण वळसा घालून. सत्यवानच्या माळ्याचा संबंधच नाही. पाइपातून वायर, नवा मेन स्विच, अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नेमाने भरलेला. विनीतने मेगर लावला. इतकी स्वच्छ वायरिंग त्याने वर्षभरात बघितली नव्हती. नाव ठेवायला जागा नाही. स्वयंपाकघरात सॉकेट जिवंत, मागच्या खोलीत वाफेचं मशीन आपल्या लाइटवर घुर्रघुर्र करतंय. आता या घरात कोणी चिकटून मरणार नव्हतं. त्याने दोन फॉर्मांवर दोन सह्या केल्या आणि अजयने दोन्ही फ्यूज बसवले. सत्यवानकडून मधल्या खोलीत दिवे लागले. मखरात मूर्ती येऊन बसलेली होती.

लोट्यावर फॉर्म घडी करताना विनीतची नजर मधल्या खोलीच्या दाराकडे गेली. दार नव्हतं. तिथे चिरे रचून वर सिमेंट मारलेलं होतं, अजून ओलं. आणि चिऱ्यांना लागून अलीकडे एक पाट मांडलेला, भोवती रंगीत कागदाची घाईघाईत केलेली कमान.

"हे काय?" त्याने जानकीला विचारलं.

"आमचो गणपती," ती म्हणाली. "वेगळो."

तेवढ्यात खळ्यात रिक्षा आली. बाळा उतरला. डोक्यावर टॉवेल, त्यावर वीतभर मूर्ती. कुंभाराकडे वेळेत पाट दिला नाही, मग मापाची मूर्ती कुठून मिळणार? मालवणच्या बाजारात जी उरली होती ती त्याने उचलून आणली होती. सोंडेकडचा रंग थोडा उडालेला. तो पायरीखाली येऊन उभा राहिला. समोर बघत होता, डावीकडे नाही.

डावीकडच्या पायरीवर मथुरा येऊन उभी होती. दरवर्षी मूर्ती दारात आली की ती निरांजन ओवाळायची आणि जानकी आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायची. मथुराने एक पाऊल खाली टाकलं. आतून सत्यवान खाकरला. ती तिथेच थांबली.

जानकी पाण्याचा तांब्या आणि निरांजनाचं ताट घेऊन आली. उजव्या हाताला पट्टी, बोटं अजून वळत नव्हती. तांब्या धरला की ताट कलंडायचं, ताट धरलं की तांब्या. दोनदा तिने करून बघितलं. तेल सांडलं. बाळा डोक्यावर गणपती घेऊन ताटकळत उभा, पाऊस परत भुरभुरायला लागलेला.

जानकीने इकडे तिकडे बघितलं. दुसरं कोणीच नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "वायच निरांजन धरतास?"

विनीतने पेन खिशात टाकलं, बूट काढले आणि ताट हातात घेतलं. कसं ओवाळायचं, उजवीकडून की डावीकडून, ते त्याला आठवेना. पलीकडच्या पायरीवरून मथुरा बघत होती.